एकशेऐंशीव्या पानावरची आत्या

कादंबरी आवडली नाही की ती मिटून ठेवणारी माणसं जगात असतात म्हणे. मला ती फारशी भेटलेली नाहीत. मला भेटतात ती दुसऱ्या जातीची. पहिल्या पाच पानांतच नाक मुरडतात, पन्नासाव्या पानावर ‘काय हा फालतूपणा’ म्हणतात, रात्री दीड वाजता शेवटचं पान संपवूनच दिवा मालवतात, आणि सकाळी चहाच्या आधी निरोप धाडतात, ‘तसलीच आणखी एखादी मिळते का बघ.’ ही जमात नागपुरात महालात आहे, पुण्यात सदाशिव पेठेत आहे, माझ्या सासुरवाडीला तर पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण अस्सल नमुना पाहायचा तर ग्वाल्हेरला या. लष्कर भागात, खासगी बाजारात, आमच्या शेजारच्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर जीजी राहते.

जीजी माझ्या नात्यात नाही. पण जिने लहानपणी पतंगाच्या मांज्यावरून आपला कान पिळला, तिला अहो-जाहो करणं जमत नाही. ती साऱ्या गल्लीची जीजी. मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाली, लग्न केलं नाही, भाऊ गेल्यावर त्याच्या मुलांचं घर सांभाळत राहिली. भाचरं पुण्याला, हैदराबादला, एक थेट अटलांटाला. वाडा मात्र इथेच, जीजीच्या कमरेच्या किल्ल्यांवर.

तिला कादंबरी लागते ती एकाच प्रकारची. नायिका गावी परतली पाहिजे. मुंबईत नाहीतर परदेशात तिची मोठी नोकरी असते, ती जाते. एक गुळगुळीत दाढीचा होणारा नवरा असतो, तोही जातो. मग कोकणातून फोन येतो, किंवा वकिलाचं पत्र येतं, आणि बाई चाकांची बॅग ओढत लाल मातीच्या रस्त्यावर उभी राहते. कौलारू घर, मागे वाडी, पुढे समुद्र. पिंपळाच्या पारावर शाळेतला जुना मित्र. पुढचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि जीजीला तर नायिका अजून अंधेरीच्या ऑफिसात राजीनामा लिहीत असते तेव्हाच ‘माहीत पडलेलं’ असतं. तरी ती वाचते. मग निराश होते. मग पुढची मागते.

आमच्याकडे हे वेड एवढं का, त्याला कारण आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी फौजेची छावणी टाकली. ती पुन्हा उठलीच नाही, तिचंच लष्कर नावाचं शहर झालं. त्या छावणीमागून कारकून, हिशेबनीस, पुराणिक, गवई, आचारी असे जे आले त्यांचे आम्ही वंशज. इथले लोक आम्हाला अजून ‘दक्षिणी’ म्हणतात. दोनशे वर्षं झाली, कचोरी इथली, थंडीतला गजक इथला, चिडल्यावरच्या शिव्याही इथल्याच. पण ‘मूळ गाव कोणतं?’ म्हटलं की प्रत्येक घरातून दक्षिणेतलं एक गाव निघतं, आणि ते घरातल्या कोणीही पाहिलेलं नसतं. जीजीचं गाव गुहागरजवळ आहे. जुन्या कुलवृत्तांतात त्याचं नाव आहे, मूळपुरुषाचं नाव आहे, कुलदैवत व्याडेश्वर आहे, आणि ‘पुढील वंशज ग्वाल्हेरीस गेले’ अशा अर्थाची एक कोरडी ओळ आहे. त्या ओळीपाशी जीजीने पेन्सिलीने लिहून ठेवलंय, ‘का?’

तिची वाचायची वेळ दुपारची. बाहेर लू वाहत असते, कूलर घरघरत असतो, आणि जीजी खाटेवर भिंतीला टेकून बसलेली. चष्मा नाकावर, कानामागे पेन्सिल, शेजारी शेव-परमलची वाटी. पुस्तकातली खूण म्हणून कोणाच्या तरी लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा. पुस्तक वाचनालयाचं असतं, पण याची तिला पर्वा नाही. शाळेत तीस-पस्तीस वर्षं तपासणीच्या वह्या पाहिलेल्या हाताला समास कोरा दिसला की चैन पडत नाही. प्रत्येक पानावर बारीक अक्षरात शेरे पडत जातात.

आणि शेरे काय एकेक. नायिका संध्याकाळी अंगणात येते नि प्राजक्ताच्या सड्यावर अनवाणी पाऊल टाकते. समासात: ‘प्राजक्त संध्याकाळी उमलतो. सडा पहाटे पडतो. लेखिकेने झाड पाहिले आहे काय?’ दिवाळीत नायक झाडावरून पिकलेला हापूस तोडून देतो. ‘कुठला? मागच्या वर्षीचा?’ रात्री दोघं कंदील घेऊन कातळावरून जुन्या देवळाकडे जातात. ‘कोकणात फुरसे असते. पायात चप्पल नाही. १०२ पानावर कादंबरी संपायला हवी होती.’ एका लेखिकेने नायकाच्या तोंडी समुद्राकडे पाहत भा. रा. तांब्यांची कविता घातली होती. तिथे जीजीचा ग्वाल्हेरी अभिमान उसळला. ‘तांबे ग्वाल्हेरचे राजकवी. १९४१ साली वारले तेही याच शहरात. त्यांच्या ओळी म्हणायला समुद्रच लागतो हे कोणी सांगितले?’

मी एकदा म्हटलं, “जीजी, तू स्वतः कोकण कुठे पाहिलंयस?”

“न पाहता मला एवढं माहीत आहे,” ती म्हणाली, “मग जिने पाहिलंय तिला किती माहीत पाहिजे?”

या मुद्द्यावर वाद घालून कोणी जिंकलेलं मला आठवत नाही.

शेवटच्या पानावर ती गुण देते. शंभरपैकी. पस्तिसाला पास, आणि बहुतेक जणी पस्तिसावरच पास होतात, पुढे कंसात ‘कृपागुण धरून’. साठीच्या वर जाणाऱ्या कादंबऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या. श्री. ना. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’ला विशेष प्रावीण्य. “ते गाव खरं वाटतं, भैया,” ती सांगते. मी पन्नाशी ओलांडली तरी तिचा भैयाच आहे. “कारण त्यात माणसं एकमेकांचं वाईट चिंततात. हल्लीच्या पुस्तकात सगळं गाव नायिकेला आंबोळ्या खायला बोलावतं. कोणी भिंतीच्या हद्दीवरून भांडत नाही. असं गाव असतं होय?”

तिच्या या अधिकाराला एक पार्श्वभूमी आहे, आणि ती ऐकल्याशिवाय तिच्याकडून कोणी सुटत नाही. १९६१ साली मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरलं. अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, संमेलनाच्या इतिहासातल्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष, आणि मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा धांडोळा घेणाऱ्या समीक्षक. जीजी तेव्हा शाळेत होती. पाणी द्यायला स्वयंसेविका म्हणून उभी होती. तिने कुसुमावतीबाईंना पाण्याचा पेला दिला आणि त्या ‘थँक यू’ म्हणाल्या, एवढीच ती हकिगत. पण जीजीच्या मनात त्या पेल्यातून काहीतरी तिकडून इकडे आलं. कोणी तिच्या मताला हरकत घेतली की ती शांतपणे म्हणते, “मी कुसुमावतीबाईंना पाणी दिलंय.” यावर काय बोलणार? आपण कोणाला पाणी दिलंय?

नायकाकडे ती वाचक म्हणून पाहतच नाही. ती त्याला स्थळ म्हणून पाहते. “ना. सी. फडक्यांचा नायक टेनिस खेळायचा. आताचा सेंद्रिय शेती करतो. पैसे कुठून येतात हे तेव्हाही लिहीत नव्हते, आताही लिहीत नाहीत.” पस्तिशीचा, देखणा, दात सरळ, स्वतःची चाळीस कलमांची वाडी, वर कविता वाचणारा, आणि अजून बिनलग्नाचा. इथे जीजी पेन्सिल खाली ठेवते. “भैया, आपल्या समाजाच्या वधू-वर मेळाव्यात असा मुलगा आला तर बायका त्याला स्टेजवरून खाली उतरू देणार नाहीत. हा पस्तीस वर्षं त्या गावात पडून राहिला कसा? काहीतरी आहे. लेखिका लपवतेय.” मग ती उरलेली शंभर पानं नायकातलं वैगुण्य शोधत वाचते. ते सापडत नाही. हीच तिची सर्वांत मोठी निराशा.

दुसरी निराशा सातबाराची. नायिका आजीच्या घरी येते आणि दुसऱ्याच दिवशी भिंतींना निळा रंग काढायला घेते. जीजीचा समास तिथे भरून वाहतो. “घर आजीचं. आजीला मुलगे किती? त्यांना मुलं किती? उताऱ्यावर नावं किती? पडवीचं एक कौल बदलायचं तर सतरा जणांच्या सह्या लागतात, त्यातले दोन बोलत नाहीत, एक कॅनडाला. ही बाई होमस्टे काढते!” हे ती अनुभवाने बोलते. ज्या वाड्यात ती राहते त्याच्या कागदांवर इतकी नावं आहेत की जिन्याची मोडलेली पायरी मला आठवतं तेव्हापासून मोडलेलीच आहे. पाहुण्याला आम्ही खालूनच ओरडून सांगतो, तिसरी सोडून.

मागच्या उन्हाळ्यात अटलांटाची नात आली होती. म्हणजे भाच्याची मुलगी. जाताना एक जाडजूड इंग्रजी कादंबरी विसरून गेली. मुखपृष्ठावर पांढरं लाकडी घर, ओसरीवर झोपाळा, पाठमोरी मुलगी. जीजीने ती वीरकरांची डिक्शनरी शेजारी घेऊन वाचायला काढली, आणि चौथ्या दिवशी मला वर बोलावलं. चेहरा असा की घरात चोर सापडलाय.

“भैया, हे तर तेच आहे.”

तेच होतं. नायिका न्यू यॉर्कला. नोकरी गेली, मित्र गेला. आजीचं मृत्युपत्र आलं. बाई निघाली दक्षिण कॅरोलायना नावाच्या राज्यातल्या एका चिमुकल्या गावाला. तिथे बर्फ घातलेला गोड चहा, चर्चमधल्या प्रेमळ म्हाताऱ्या, मॅग्नोलियाची फुलं, आणि शाळेतला जुना मित्र, जो आता जुनी लाकडी घरं दुरुस्त करतो. मधे एक वादळ, मग गावजत्रा. जीजीने वहीचं पान आडवं धरून दोन रकाने पाडले होते. न्यू यॉर्क, समोर अंधेरी. गोड चहा, समोर कोकम सरबत. पेकन नावाच्या सुक्या मेव्याचा पाय, समोर उकडीचे मोदक. मॅग्नोलियाच्या समोर सोनचाफा, आणि तिथे तिच्यातली मास्तरीण जागी झाली होती. खाली लिहिलं होतं, ‘दोन्ही एकाच प्रजातीतले. चाफ्याचे शास्त्रीय नावसुद्धा मॅग्नोलिया चंपका.’

“म्हणजे फुलंसुद्धा तीच,” ती म्हणाली. “फक्त तिकडच्या नायकाला सुतारकाम येतं. आपल्याकडच्याला सुतार बोलवावा लागतो.”

मग जरा वेळ ती गप्प राहिली. चष्मा पुसला. म्हणाली, “पण मला एक सांग. अमेरिकेची दक्षिण म्हणजे तीच ना, जिथे गुलाम होते, ज्यावरून लढाई झाली?”

म्हटलं, “हो. १८६१ ते ६५.”

“मग या गावात काळा माणूस एकही कसा नाही? साडेतीनशे पानं आहेत. जत्रा झाली, वादळ झालं, लग्न झालं. एकही नाही. त्या मोठ्या घराच्या पायऱ्या कोणी बांधल्या होत्या, हे त्या मुलीला एकदाही विचारावंसं वाटलं नाही?”

मी काही बोलणार तेवढ्यात तिनेच हात वर केला. “आणि आपल्या पुस्तकात तरी कुठे! नारळ काढायला गडी असतो. प्रत्येक कादंबरीत असतो. त्याला नाव नसतं. ‘गडी म्हणाला’, ‘गडी हसला’. हापूसचे प्रकार चार सांगतात, गड्याचं नाव एक सांगत नाहीत.” इंग्रजी कादंबरीला तिने तेहतीस दिले आणि नापास केलं. त्या आठवड्यात हातात असलेल्या मराठी कादंबरीचेही दोन गुण कापले, न्यायाला धरून.

पण तिचं खरं दुखणं आत्या आहे.

तुम्ही नीट पाहिलं नसेल, पण या प्रत्येक कादंबरीत एक आत्या असते. कधी मावशी असते, कधी आजीची बहीण. ती गावात राहिलेली असते. नायिका येते तेव्हा दार उघडते, गूळ-पाणी देते, चुलीवरचा भात वाढते. साठाव्या पानाच्या आसपास तुळशीपाशी बसून आयुष्याविषयी एक मोठं वाक्य बोलते. तिच्या ट्रंकेत एक जुनं पत्र असतं. आणि १८०व्या पानावर, पाऊस पडत असताना, ती मरते. रुग्णालय नाही, बिलं नाहीत, झोपेतच. मग वकील येतो आणि घर नायिकेच्या नावावर असल्याचं कळतं.

“दर वेळी एकशेऐंशी!” जीजी पुस्तक आपटते. “अरे, तिला गुडघे नाहीत का? मोतीबिंदू नाही? तिला कधी कोणाचा राग येत नाही? ती दिवसभर करते काय? ही पोरगी पंधरा वर्षं फिरकली नाही, त्या पंधरा वर्षांत गॅसचा नंबर कोणी लावला, घरपट्टी कोणी भरली, माकडं कोणी हाकलली? ते एका ओळीत. आणि ही येऊन ओसरीवर रडली की ते अख्खं प्रकरण!”

एकदा तिने सरळच सांगितलं. “मी ती आत्या आहे, भैया. माझी भाचरं येतात ना, चार-दोन दिवस, महाराज बाड्यावर जाऊन कचोरी खातात, जयविलासमधली झुंबरं पाहून येतात, छतावर उभं राहून किल्ल्याचे फोटो काढतात, ‘जीजी, इथे किती शांत वाटतं गं’ म्हणतात. तेव्हा मला समजतं की आता माझ्याकडून एक मोठं वाक्य अपेक्षित आहे. मी म्हणते, मोटर बंद कर, टाकी भरली.”

मला तेव्हा हसू आलं. नंतर रात्री फारसं आलं नाही.

वाचनालयातून पुस्तकं बदलून आणायचं काम माझं, त्यामुळे एक गोष्ट मला तिच्याआधी कळली. तिच्या शेऱ्यांना उत्तरं येऊ लागली होती. पेन्सिलीच्या शेजारी निळी शाई, तिरकं, ठसठशीत अक्षर. ‘प्राजक्त संध्याकाळी उमलतो’च्या खाली: ‘बाई, नायिका प्रेमात आहे. तिला वेळ कळत नाही.’ हापूसच्या शेऱ्याखाली: ‘फ्रीजमधला असेल. सोडून द्या.’ जीजी आधी संतापली. पुस्तकं घाण करणाऱ्या लोकांविषयी ती माझ्याशी, हातात पेन्सिल घेऊन, बराच वेळ बोलली. पण पुढच्या खेपेला म्हणाली, “मागच्या महिन्यातली ती परत आण. निळ्याने काय लिहिलंय बघते.” मग तेच सुरू झालं. एक कादंबरी ती आधी नेणार, मग निळा नेणार, मग ती पुन्हा नेणार. गुणांवरूनही घासाघीस. तिचे पस्तीस, त्याचे अठ्ठेचाळीस, शेवटी दोघांची तडजोड एकेचाळीसवर. आत्या मेली की निळा समासात फक्त एक आडवी रेघ ओढतो. ही रेघ कसली म्हणून जीजीने खाली विचारलं होतं. उत्तर आलं, ‘उभं राहून पाळलेलं मौन.’

वाचनालयातल्या बाबूला विचारून निळ्याचं नाव काढणं मला अवघड नव्हतं. दौलतगंजातले असतील, निंबाळकरांच्या गोठीतले असतील, कदाचित ढोलीबुवांच्या पुलापलीकडच्या एखाद्या सूनबाई असतील. मी जीजीला तसं सुचवलं.

“खबरदार,” ती म्हणाली. “हेच तर चुकतं या लेखिकांचं. दहाव्या पानावर भेटवून देतात. मग उरलेली दोनशे पानं काय करणार?”

निळी शाई म्हणजे सूनबाई असू शकते, हे तिने ऐकलं न ऐकलंसं केलं.

खरोखरची परतणारी मुलगी आमच्या गल्लीत एकदा आली होती. पलीकडच्या घरातली. आई-वडील गेल्यावर घराचं काहीतरी करायचं म्हणून पुण्याहून रजा काढून आली, चाकांची बॅग ओढत. जीजी गॅलरीतून बघत होती. तिचे डोळे लकाकले. समोर दवाखाना टाकलेला तरुण होमिओपॅथ होता, बिनलग्नाचा. जीजीला लगेच गुडघेदुखी झाली. त्याला वर बोलावलं, त्याच वेळी मुलीलाही थालीपिठासाठी बोलावलं. दोघांना समोरासमोर बसवून ती साबुदाण्याच्या पापड्या शोधायला आत गेली आणि बराच वेळ सापडू दिल्या नाहीत. वीजही गेली होती, जी जीजीने घालवली नव्हती. परत आली तेव्हा ते दोघं मालमत्तेच्या नावबदलाला कोणकोणते कागद लागतात यावर बोलत होते. त्याचंही तेच चाललं होतं.

मग महिनाभर आम्ही ती कादंबरी गॅलरीतून वाचली. मुलगी सकाळी फाइल घेऊन जायची, दुपारी उन्हाने लाल होऊन यायची. आज मृत्यू-दाखल्याची प्रत, उद्या वारसांचं शपथपत्र, परवा एका काकांची सही, जे झाशीला असतात आणि सही करण्याआधी १९८४ सालच्या कुठल्याशा कपाटाबद्दल बोलू इच्छितात. “तेविसाव्या पानापासून पोरगी फोटोकॉपीच काढतेय,” जीजी म्हणायची, पण तिच्या आवाजात तक्रार नव्हती. रोज संध्याकाळी ती मुलीसाठी जेवण झाकून ठेवायची. दोघी गच्चीवर बसायच्या. काय बोलायच्या ते मला ठाऊक नाही. मोठं वाक्य नक्की नसणार, कारण मधूनच ‘अगं, पाणी चाललंय बघ!’ एवढं खालपर्यंत ऐकू यायचं. शेवटी घर एका व्यापाऱ्याला गेलं. मुलगी निघाली तेव्हा जीजीने तिला बहादुराच्या दुकानातल्या लाडवांचा डबा दिला आणि ती रिक्षात बसेपर्यंत जिन्यावर उभी राहून तिला शिव्या दिल्या, वजन कमी झालंय म्हणून.

त्या प्रकरणाला तिने त्र्याहत्तर दिले. “प्रेम झालं नाही,” ती म्हणाली, “पण कागद खरे होते.”

मी तिला पुष्कळदा म्हणतो, चल, तुझं ते गुहागरचं गाव बघून येऊ. मंगला एक्सप्रेस ग्वाल्हेरला थांबते, रत्नागिरीलाही थांबते, गाडी बदलायलासुद्धा नको. ती म्हणते, “आणि तिथे जाऊन काय करू? दार कोण उघडणार? आत्या तर इथे बसलीय.” पुढच्याच क्षणी, “निराश व्हायला मला घरबसल्या पुस्तकं मिळतात,” आणि पिशवी माझ्या अंगावर टाकते.

परवा मात्र मला वाटलं, तिला अखेर हवं ते पुस्तक सापडलं. वाचनालयात नवीन आलेली कादंबरी मी उभ्या उभ्या चाळली. तेच गाव, तीच बॅग, तोच समुद्र. पण आत्या! तिला संधिवात होता. ती शेजाऱ्याशी बांधावरून भांडत होती. गड्याला चक्क नाव होतं. मी घाईघाईने १८०वं पान काढलं. पाऊस पडत होता, आत्या खोकत होती, पण जिवंत होती. दोनशेव्या पानावर जिवंत. शेवटच्या पानावर जिवंत, आणि नायिकेला रेशनच्या रांगेत पाठवत होती. मी पुस्तक जवळजवळ पळतच आणलं, तिसरी पायरी सोडून जिना चढलो आणि जीजीच्या हातात ठेवलं. काही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी तिने मला बोलावलं. पुस्तक खाटेच्या टोकाशी उपडं पडलेलं. मी शेवटचं पान उघडून पाहिलं. एकोणतीस. कृपागुण नाहीत.

“जीजी! अगं, यात आत्या मरत नाही!”

“तेच ना!” ती कडाडली. “दोनशेबारा पानं झाली, म्हातारी जागची हलत नाही. मग त्या पोरीला घर मिळणार कधी? लग्न करून राहायचं कुठे त्यांनी? काही विचार आहे का लेखिकेला? बेकार आहे, एकदम बेकार.” तिने शेव-परमलची वाटी जवळ ओढली. “हिची दुसरी आहे का वाचनालयात? आजच घेऊन ये. आणि ही परत करताना वरच ठेव, म्हणजे निळ्याच्या हाती लागेल.”